मालतीत एच नक्को

हैदराबादच्या काचीगुड्यातल्या बाळकृष्ण उदगीरकरांचं घर आजवर एकाही कुरियरवाल्याला पहिल्या फेरीत सापडलेलं नाही. घराचा नंबर तीन-चार-आठशे बारा, बाय सहा, बाय ए, बाय एक. त्यातला 'ए' कुठल्या भावकीच्या भांडणातून आला आणि शेवटचा एक कशापायी उरला, हे नंबर पाडणाऱ्यालाही आता आठवत नसेल. शेजारच्या घराचा नंबर आठशे चाळीस, समोरच्याचा सातशे तीन. त्यामुळे कुरियरवाला कोपऱ्यावरच्या इराणी हॉटेलापाशी थांबतो, फोन लावतो, आणि बाळकृष्ण बनियनवर खाली उतरून, लांबूनच हात हलवत, त्याला स्वतः घेऊन येतात.

हा माणूस पंधरा वर्षं अमेरिकेतल्या एका शहरातली घरं जागेवर बसवत होता.

मूळचे ते ट्रेसर. तरुणपणी ट्रेसिंगच्या कापडावर शाईनं जमिनींचे नकाशे उतरवायचे. अक्षर असं, की छापलेलं वाटावं. मग संगणक आले, कापड गेलं, शाई वाळली, आणि त्रेचाळिसाव्या वर्षी ते बेगमपेटच्या एका काचेच्या इमारतीत नकाशे दुरुस्त करणाऱ्या कंपनीत लागले. तिथं सगळी बावीस-तेवीस वर्षांची पोरं. ती त्यांना 'बालकिशन अंकल' म्हणायची. प्रत्येकाच्या वाट्याला अमेरिकेतलं एकेक शहर आलं होतं. कुणाला समुद्र मिळाला, कुणाला जुगाराचे अड्डे. बाळकृष्णांना मिळालं आयोवा राज्यातलं डेस मोइन्स. वर्णनात लिहिलं होतं: मका, विमा कंपन्या, दोन नद्या.

काम सोपं होतं आणि संपणारं नव्हतं. आकाशातून काढलेल्या फोटोवर रस्त्याची रेघ ओढायची, तिला नाव द्यायचं, घरांना नंबर द्यायचे, कुठं डावं वळण बंद आहे ते लिहायचं. चार वर्षांत त्यांना ते शहर इतकं पाठ झालं की रात्री जेवताना ते सहज बोलून जायचे, "आज इंगरसोल अव्हेन्यू खोदून ठेवलाय. लोकांचे हाल."

मालतीबाई भाकरी वाढता वाढता म्हणायच्या, "आपली गल्ली दोन महिने खोदून ठेवलीय, ते दिसलं का?"

आणि एके दिवशी म्हणाल्या, "रोज अमेरिकेला जाऊन येता. माणूस बिदरला जरी गेला तरी येताना पेढे आणतो. तुम्ही चार वर्षांत काय आणलं?"

हे त्यांना लागलं. दुसऱ्या दिवशी दुपारी, एका घरांच्या रांगेच्या मागून जाणारी बारीक, राखाडी रेघ त्यांच्या पडद्यावर आली. गॅरेजांमागची बोळ. नाव नाही. नावाच्या जागी लाल चौकट लुकलुकत होती. असल्या बिननावाच्या बोळींची चौकट रिकामी सोडायची, असा नियम. बाळकृष्णांनी इकडंतिकडं पाहिलं आणि टाइप केलं: MALATI LN. लेन म्हणजे गल्ली.

तपासणीला विकास होता. त्यानं पडद्यात डोकं घातलं. "अंकल, हे मालती काय आहे?"

"इटालियन वाटतंय," बाळकृष्ण म्हणाले.

विकासनं त्यांच्याकडं पाहिलं, डब्यातली एक खोबऱ्याची वडी उचलली, आणि हिरवी खूण केली.

रात्री त्यांनी मालतीबाईंना हे सांगितलं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत अख्ख्या काचीगुड्याला माहीत झालं होतं, की अमेरिकेत मालती लेन आहे. हिरवा बोर्ड, पांढरी अक्षरं. बोर्डाचं कुणी सांगितलं नव्हतं. तो मालतीबाईंनी मनानंच उभा केला होता, आणि बाळकृष्णांनी तो पाडला नाही.

ज्या एका माणसासाठी हा बोर्ड उभा होता, तो माणूस म्हणजे इंदुताई, बाळकृष्णांची थोरली बहीण. दिलसुखनगरला त्यांचं दोन मजली घर. दारावर संगमरवरी पाटी, 'भाग्यलक्ष्मी निवास'. सासरी त्यांचं नाव भाग्यलक्ष्मी ठेवलं होतं, आणि गेली पन्नास वर्षं भाजीवाल्यापासून पुजाऱ्यापर्यंत सगळे त्यांना भाग्यलक्ष्मीअम्माच म्हणत. इंदुताई म्हणणारं बाळकृष्णांचं एकच घर उरलं होतं.

"अमेरिकेत रस्ता?" त्या म्हणाल्या होत्या. "बाळू, इथं गॅसचं कार्ड तरी आहे का हिच्या नावावर?"

"आहे ताई. खरंच आहे. नकाशात बघ."

"नकाशात तर तुझं घरही आहे. सापडतं का कुणाला?"

मालती हे नावही इंदुताईंनीच निवडलेलं. लग्नाआधी मालतीबाईंचं नाव भामा होतं. लग्नाच्या दिवशी तांदळाच्या ताटात अंगठीनं नवं नाव लिहायची वेळ आली, तेव्हा इंदुताई भावाच्या कानाशी वाकून कुजबुजल्या, "भामा नक्को. भामा नाव असलं की बाई रुसते. मालती लिही." बाळकृष्णांनी लिहिलं. छापल्यासारखं सुंदर लिहिलं. सगळ्यांनी अक्षराचं कौतुक केलं. वीस-एकवीस वर्षांच्या भामानं ताटाकडं पाहिलं, आणि त्या दिवसापासून तिला मालती म्हणून हाक मारली की ती वळू लागली.

बाळकृष्ण निवृत्त झाले. वर्षभरानं एकदा सहज त्यांनी मोबाइलवर आपलं शहर उघडलं, गॅरेजांमागच्या बोळीवर बोट ठेवून ती मोठी केली. रेघ होती. नाव नव्हतं. त्यांच्या जागी आलेल्या कुणीतरी नियमावर बोट ठेवून मालती पुसली होती. त्यांनी मोबाइल उशीखाली सारला आणि ही गोष्ट कुणालाही सांगितली नाही.

पुढं तीन वर्षांनी लेकीनं, नेहानं, दोघांची तिकिटं पाठवली. ती ओमाहाला राहते. तिथून डेस मोइन्स गाडीनं दोन तास.

"मला नायगारा नको, काही नको," मालतीबाई फोनवर म्हणाल्या. "माझ्या गल्लीत नेऊन उभी कर. एक फोटो. बोर्डासकट."

इंदुताई निरोप द्यायला आल्या तेव्हा त्यांनी लाडवांचा डबा हातात ठेवला आणि म्हणाल्या, "बोर्डासकट हं, मालती. नुसत्या झाडाखाली उभी राहून आलीस तर झाडं आमच्या दिलसुखनगरलाही आहेत."

त्या रात्री बाळकृष्णांना जेवण गेलं नाही. बायको पंधरा वर्षं ज्या बोर्डाच्या जिवावर नणंदेसमोर ताठ बसत होती, तो बोर्ड नव्हता. आता तर नावही नव्हतं. सकाळी उठून ते बेगम बाजारात गेले. तिथं मसाल्यांच्या घाऊक दुकानांच्या मागं पत्र्याच्या पाट्या रंगवणारा एक पेंटर बसतो. त्यांनी कागदावर स्वतः नमुना काढून दिला. हिरवा पत्रा, पांढऱ्या इंग्रजी अक्षरांत MALATI LN, दोन बाजूंना स्क्रूची भोकं.

पेंटरनं नमुना लांब धरून पाहिला. "साब, मालती में एच नक्को?"

"नक्को."

"एच रैता साब. मेरी भाभी का नाम मालती. उस में एच है."

"तुझ्या भाभीत असू दे. माझ्यात नक्को."

"हौ साब. परसों लेके जाव."

हैदराबादेत 'परसों' म्हणजे गेल्या पावसाळ्यापासून पुढच्या उन्हाळ्यापर्यंत कुठलाही दिवस असू शकतो. पाटी मिळाली ती निघायच्या दिवशी दुपारी, वर्तमानपत्रात गुंडाळून, सुतळीनं आवळलेली. "ओला है साब, खोलू नक्को," पेंटर म्हणाला. बाळकृष्णांनी ती तशीच बॅगेच्या तळाशी, दोन चादरींच्या मध्ये घातली, आणि त्यावर इंदुताईंचे लाडू ठेवले.

शिकागोच्या विमानतळावर मालतीबाई बाथरूमला गेल्या असताना एका उंच अधिकाऱ्यानं बॅग उघडायला लावली. लाडवांना त्यानं काही केलं नाही. कागद फाडला. पाटी उजेडात धरली.

हिरव्यागार पत्र्यावर, पांढऱ्या रंगात, अतिशय आत्मविश्वासानं लिहिलं होतं: MALATHI LN.

"ही कोण?" अधिकाऱ्यानं विचारलं.

"माझी बायको," बाळकृष्ण म्हणाले. आणि मग, का कोण जाणे, त्यांनी जोडलं, "विदाउट एच."

डेस मोइन्सला जायचा दिवस ठरला तो ऑगस्टमधला शनिवार. नेहा गाडी चालवत होती, बाळकृष्ण पुढं, मालतीबाई मागं, पोचमपल्लीची निळी साडी नेसून.

"आई, प्लीज," नेहा म्हणाली. "गॅरेजच्या मागं उभं राहायला एवढी भारी साडी?"

"माझ्या नावाच्या गल्लीत गाऊन घालून जाऊ का?"

दोन्हीकडं मका होता. मैलामैलांचा मका, एका उंचीचा, एका रंगाचा, जणू कुणीतरी एकच शेत काढून त्याच्या प्रती मारत सुटलं होतं. दीड तासात एकही माणूस शेतात दिसला नाही. "एवढी कणसं," मालतीबाई म्हणाल्या, "आणि भाजून द्यायला कुणी नाही." वाटेत पेट्रोल भरायला थांबले तेव्हा बाळकृष्णांनी काउंटरवरच्या बाईला विचारलं, "हाऊ फार देस मोइन्स?" तिनं तीनदा सॉरी म्हटलं. शेवटी नेहा आली.

"बाबा, डिमॉइन म्हणायचं. दोन्ही एस सायलेंट आहेत."

बाळकृष्ण गाडीत येऊन बसले. पाचेक मैलांनंतर म्हणाले, "पंधरा वर्षं मी ते दोन एस फुकट लिहिले?"

शहर सुरू झालं तसे ते सावरून बसले. फोनमधली बाई बोलायच्या आत ते बोलत होते. "पुढं उजवी लेन धर. ह्या सिग्नलला डावं वळण नाही. आता पूल येईल." पूल आला. नेहानं फोनमधल्या बाईला गप्प केलं. मालतीबाई मागून बघत होत्या. आयुष्यात कधी न आलेल्या गावात नवरा असा वळणं सांगत होता, जसं कुणी आपल्या आजोळी सांगावं, आणि ह्याच माणसाची दिलसुखनगरला बहिणीकडं जाताना दरवेळी बस चुकत होती.

पण थोड्या वेळानं त्यांचा चेहरा उतरू लागला.

"इथं चढ आहे," ते म्हणाले.

"मग?"

"नकाशात चढ नसतो गं."

हे शहर त्यांनी वरून पाहिलं होतं, देवानं पाहावं तसं. सोनेरी घुमटाची इमारत त्यांच्या लेखी एक पिवळा ठिपका होती. ती टेकडीवर बसलीय, खालून येणाऱ्याला मान वर करावी लागते, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. झाडं हिरवे डाग होती. त्यांच्या सावलीत गारवा होता. कापलेल्या गवताचा वास सगळीकडं होता आणि तो कुठल्याच रकान्यात त्यांनी भरला नव्हता.

आणि शांतता. गावाच्या ऐन मध्यावर गाडी लावून ते उतरले तेव्हा मालतीबाईंनी दोन्ही बाजूंना पाहिलं. उंच इमारती, रुंद रस्ता, हिरवे-तांबडे होणारे सिग्नल, आणि माणूस नाही.

"कर्फ्यू आहे का?" त्यांनी हळूच विचारलं. हैदराबादेत वाढलेल्या बाईला भर दिवसा रिकामा रस्ता दिसला की हाच शब्द आधी सुचतो.

"आई, सगळे वर आहेत," नेहा म्हणाली.

खरंच वर होते. इमारतींना इमारती जोडणारे काचेचे पूल होते, आणि तुरळक माणसं त्यांतून हातात कॉफी घेऊन, काचेच्या पेटीतल्या माशांसारखी, शांतपणे इकडून तिकडं जात होती. हिवाळ्यात बाहेर पडवत नाही म्हणून ही सोय. बाळकृष्ण बराच वेळ मान वर करून उभे होते.

"काय झालं?" मालतीबाईंनी विचारलं.

"हे पूल मला पडद्यावर पुसट रेघांसारखे दिसायचे. पहिल्या वर्षी फोटोतली घाण समजून मी तीन पुसले."

"माणसं पडली नाहीत हे नशीब."

रस्त्यावर जो एखादा भेटे तो हसून गुड मॉर्निंग म्हणे. अनोळखी माणूस हसला की हैदराबादी माणूस आधी खिसा चाचपतो. बाळकृष्णांनी चारदा चाचपला. खिशात पाकीट होतं, आणि खांद्यावर एक लांबट कापडी पिशवी, जिला ते सकाळपासून कुणाला हात लावू देत नव्हते.

"चला ना आता गल्लीत," मालतीबाई म्हणाल्या.

"आधी जत्रा बघू," बाळकृष्ण घाईनं म्हणाले. "इथली फार मोठी जत्रा. लोण्याची गाय असते."

"कशाची?"

गाय खरंच लोण्याची होती. पुऱ्या आकाराची, पिवळसर, काचेच्या थंड खोलीत उभी. लोक रांग लावून तिला बघत होते. मालतीबाईंनी रांगेत पाऊण तास काढला आणि गाईसमोर आल्यावर एकच प्रश्न विचारला, "कढवली तर तूप किती निघेल?" बाकी जत्रा नामपल्लीत दरवर्षी भरणाऱ्या नुमाइशीसारखीच होती; धूळ कमी, माणसं दुप्पट रुंद, आणि खायचं जे काही असेल ते काडीवर खोचलेलं. लोणचंसुद्धा काडीवर. मालतीबाईंनी एक कणीस घेतलं. लोण्यात बुडवलेलं, ना लिंबू ना तिखट. त्यांनी पर्समधून मीठ-तिखटाची पुडी काढली, कणसाला चोळली, आणि शेजारच्या बाकावरची गोरी बाई बघायला लागली तेव्हा तिच्याही कणसावर शिंपडली. त्या बाईच्या डोळ्यांतून पाणी आलं. तिनं आणखी मागितलं.

बाळकृष्णांनी मग डुकरं बघू म्हटलं. घोडे बघू म्हटलं. सर्वांत मोठा भोपळा बघू म्हटलं.

मालतीबाई उभ्या राहिल्या. "अहो, मी भोपळा बघायला एवढी पोचमपल्ली नेसले नाही."

निघावं लागलं.

ती बोळ बीव्हर अव्हेन्यूपासून आत होती. विटांची बुटकी घरं, पुढं हिरवळ, आणि मागच्या अंगाला गॅरेजांची रांग. बाळकृष्णांनी नेहाला गाडी कोपऱ्यावर थांबवायला लावली.

"तुम्ही बसा. मी बघून येतो. कुत्री असतील."

"बाबा, कुत्री असतील तर तुम्ही एकटे का?"

"बस म्हटलं ना."

पिशवी काखेत मारून ते बोळीत शिरले. खिशात नेहाच्या घरातून उचललेला स्क्रूड्रायव्हर होता, आणि तो नाही चालला तर लेंग्याची नाडी होती. बोळीच्या तोंडाशी एक लाकडी खांब दिसला. त्यांना हायसं वाटलं. पाच मिनिटांचं काम. एचवर जरा झाडाची फांदी येईल असा फोटो काढायचा. ते खांबापाशी गेले, पिशवीची नाडी सोडली, आणि थबकले.

खांबावर आधीच एक फळी ठोकलेली होती. तिच्यावर पिवळ्या रंगात, हातानं लिहिलं होतं: MALADY LANE.

"काही मदत हवी का?" मागून आवाज आला.

उघड्या गॅरेजात, घडीच्या खुर्चीत, टोपी घातलेला एक म्हातारा बसला होता. पायाशी रेडिओ. बाळकृष्णांनी पिशवी पाठीमागं लपवली आणि फळीकडं बोट दाखवून विचारलं, हे कुणी लिहिलं?

म्हाताऱ्याचं नाव लॉइड. त्याला बोलायला कुणीतरी हवंच होतं. त्यानं सांगितलं, की ह्या बोळीला नाव कधीच नव्हतं. मग दहा-पंधरा वर्षांपूर्वी एके दिवशी फोन तिला मालाटी लेन म्हणू लागला. कुणी ठेवलं, का ठेवलं, कुणाला ठाऊक नाही. पण त्यानंतर पिझ्झावाला चुकेना. एकदा त्याच्या बायकोच्या छातीत दुखलं, तेव्हा अँब्युलन्स पुढच्या दाराशी घुटमळली नाही, थेट मागं आली. आता ह्या बोळीवर पाच घरं, सगळी सत्तरीपुढची. कुणाचे गुडघे, कुणाचं हृदय, कुणाचं मूत्रपिंड. म्हणून बायकोनं गमतीनं मालाटीचं मॅलडी केलं आणि फळी रंगवली. चार वर्षांपूर्वी फोनमधून नाव गेलं. फळी त्यांनी राहू दिली. बायको आज जत्रेत गेली होती, 'पाय' नावाच्या फळं भरलेल्या गोड पदार्थाच्या स्पर्धेला परीक्षक म्हणून.

बाळकृष्ण ऐकत राहिले. त्यांच्या एका चोरट्या दुपारवरून अँब्युलन्स गेली होती. छाती फुगावी की लाज वाटावी, हे त्यांना ठरवता येईना. तेवढ्यात मागं पोचमपल्ली सळसळली.

मालतीबाई फळीसमोर उभ्या होत्या. इंग्रजी त्यांना अक्षरं लावून वाचता येतं. "एम, ए, एल, ए... हे डी-वाय काय आहे? नेहा?"

नेहानं वडिलांकडं पाहिलं. "मॅलडी. म्हणजे... आजार. दुखणं."

"दुखण्याची गल्ली?"

बाळकृष्ण पुढं व्हायला गेले, आणि काखेतली पिशवी निसटली. पत्रा सिमेंटवर असा खणखणला की लॉइड खुर्चीतून अर्धवट उठला. मालतीबाईंनी वाकून पाटी उचलली. वाचली. एचवरून बोट फिरवलं.

"ही कुठल्या खांबावरची?"

"बेगम बाजारची," बाळकृष्ण म्हणाले.

मग त्यांनी सगळं सांगितलं. लाल चौकट, खोबऱ्याची वडी, इटालियन, पुसलेलं नाव, पेंटर. सांगताना ते फळीकडं बघत होते.

"म्हणजे बोर्ड कधीच नव्हता."

"नकाशात नाव होतं."

"मग पंधरा वर्षं मी इंदुताईंशी भांडले, ते?"

"ते खरं होतं," बाळकृष्ण म्हणाले, आणि नेहानं हसू दाबायला तोंड फिरवलं.

मालतीबाई मात्र हसल्या नाहीत. पाटी हातात तोलत म्हणाल्या, "एक विचारू? त्या चौकटीत तुम्हाला मालतीच का सुचलं?"

"तुझंच नाव ना ते."

"माझं?" त्या म्हणाल्या. "ताटात इंदुताईंनी सांगितलं, तुम्ही लिहिलंत. तिथं मी काय बोलणार, मांडवभर माणसं होती. पण इथं? एवढी मोठी अमेरिका, तुम्ही एकटे, इंदुताई नाहीत, कुणी बघायला नाही. इथंसुद्धा तुम्ही त्यांचंच ऐकलंत."

लॉइडनं रेडिओ बंद केला. त्याला शब्द कळत नव्हते, पण लग्न होऊन पन्नास वर्षं झालेल्या माणसाला हा सूर कुठल्याही भाषेत ओळखू येतो.

बाळकृष्णांनी ओठ ओले केले. अडतीस वर्षांत हे नाव त्यांनी एकदाही मोठ्यानं उच्चारलं नव्हतं. "भामा," ते म्हणाले.

"हं," त्या वळल्या. लगेच वळल्या, जणू हाक आत्ताच, मागच्या खोलीतून आली होती.

पुढचं सगळं त्यांनीच केलं. पाटी उलटी केली. मागचा पत्रा कोरा होता. लॉइडकडं पाहून फळीवरच्या पिवळ्या रंगाकडं बोट केलं आणि हवेत ब्रश फिरवला. तो गॅरेजात गेला, एक अर्धा डबा आणि ब्रश घेऊन आला. ब्रश त्यांनी नवऱ्याच्या हातात दिला. "लिहा. तुमचं अक्षर चांगलं आहे म्हणतात."

बाळकृष्ण सिमेंटवर मांडी घालून बसले. ट्रेसरचा हात, वाळलेली शाई बोटांत परत आली. BHAMA LN. अक्षरं अशी की छापलेली वाटावीत. खाली, बारीक, मराठीतही लिहिलं.

"बाबा," नेहा वाकून म्हणाली, "एच आला."

"तो पेंटर म्हणालाच होता, एच असतो."

लॉइडनं टोपी मागं सारून वाचलं. "बामा? म्हणजे अलाबामातलं?"

भामाबाईंनी क्षणभर विचार केला. "येस," त्या म्हणाल्या. "बट नो अला."

लॉइडनं स्वतः स्क्रू मारले. मॅलडी लेनच्या खाली भामा लेन. शेजाऱ्यांना काय सांगशील, असं नेहानं विचारलं, तर तो म्हणाला, आमच्यातल्या निम्म्यांना वाचता येत नाही आणि उरलेल्यांना आठवत नाही. मग फोटो निघाला. निळी पोचमपल्ली, पिवळी अक्षरं, बोटाला लागलेला रंग, आणि कोपऱ्यात अर्धा लॉइड.

हैदराबादेला परतल्यावर चौथ्या दिवशी दोघं दिलसुखनगरला गेले. बस चुकली; दुसरीनं गेले. इंदुताईंनी फोटो हातात घेतला, चष्मा पुसला, खिडकीशी नेला.

"बोर्ड आहे," त्या नाइलाजानं म्हणाल्या. मग वाचलं. "भामा? ही कोण?"

"मी," भामाबाई म्हणाल्या.

बाळकृष्णांनी छताच्या पंख्याकडं पाहिलं. भामाबाईंनी सगळी हकीकत सांगितली, काही न लपवता: पेंटरचा एच, दुखण्याची गल्ली, नवऱ्याची नाडीसुद्धा. दारावरच्या पाटीखाली एक पोस्टमन येऊन ओरडला, "भाग्यलक्ष्मीअम्मा!" इंदुताईंनी सही केली, पत्र टेबलावर ठेवलं, उघडलं नाही. फोटो पुन्हा उचलला.

"बाळू."

"काय ताई?"

"तिथं अजून असेल का रे एखादी बिननावाची बोळ? फार मोठी नक्को. बारीक असली तरी चालेल."

"असतील की. डझनानं आहेत."

इंदुताईंनी फोटो चष्म्याच्या डबीला टेकवून टेबलावर उभा ठेवला आणि चहा ओतायला घेतला. तीन कप भरले. मग कुणाकडंही न बघता म्हणाल्या, "त्या पेंटरला सांग, इंदूत एच नसतो."